डोकं न दुखलेले दोन दिवस

"ताई, एक सांगू? ही वरची हवेची झडप मात्र कधी बुजवू नका. गॅसच्या गिझरलाही श्वास लागतो."

भिंतीत शेवटचा स्क्रू पिळता पिळता गिझरवाला म्हणाला होता, आणि ती हसली होती. नुसती हसून थांबली नव्हती, "अहो दादा, मी कॉलेजात हेच शिकवते," असंही वर म्हणाली होती. "मग तर काय, सूर्यापुढे काजवा," म्हणत त्याने हत्यारं पिशवीत कोंबली आणि तो गेला. तेव्हा तिला चौथा महिना होता. कौतुक करून घ्यायचे दिवस, कोणाचं ऐकून घ्यायचे नव्हेत.

शिकवत होती हे खोटं नव्हतं. दरवर्षी पहिल्या तासाला ती फळ्यावर दोनच शब्द लिहायची, निसर्गाचा नियम. मग विचारायची, "सिग्नल तोडला तर काय होतं?"

मागच्या बाकावरून ठरलेलं उत्तर यायचं, "पोलीस नसेल तर काही नाही, मॅडम."

वर्ग खिदळायचा. ती खिदळू द्यायची. "आणि गच्चीवरून उडी मारली तर? पोलीस नसताना?"

"हा फरक," ती म्हणायची. "सरकारचा कायदा मोडता येतो. निसर्गाच्या नियमाला वशिला चालत नाही, साक्षीदार लागत नाही आणि रविवारची सुट्टीही नसते."

घरी मात्र या शब्दांचं चलन वेगळं होतं. सासूबाईंनी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माणसांची मापं घेता घेता त्यांनी जगाचंही माप घेऊन टाकलं होतं, आणि ते या एकाच शब्दात मावायचं. दूध उतू गेलं, निसर्गनियम. मोज्यांच्या जोडातला एकच हरवला, निसर्गनियम. मुलगा बायकोचं ऐकायला लागला, तर "निसर्गनियम गं बाई, माझ्या सासूनेही हेच भोगलं," असं म्हणून त्या डोळे मिचकावायच्या. ती सुरुवातीला चिडायची. "आई, त्याला नियम नाही म्हणत." "मग काय म्हणतात?" "योगायोग." "तेच ते. तू इस्त्री केलेला शब्द वापरतेस, मी चुरगळलेला."

छकुली झाली आणि तिच्या मनात भीतीने बिऱ्हाड केलं. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून नाकापुढे बोट धरायचं, जागं झालं की का जागं झालं म्हणून घाबरायचं. एक निळी वही केली होती. किती वाजता दूध, किती वेळ झोप, अंग किती गरम, सगळं तारीखवार. नवरा म्हणायचा, "एवढी नोंद तर अंतराळवीरांचीही ठेवत नसतील." ती म्हणायची, "अरे, त्यांची आई तिथे नसते ना."

थंडी पडली. महिन्यात दोनदा छकुलीचं नाक चोंदलं. डॉक्टर म्हणाले, गार वाऱ्याचा झोत लागू देऊ नका, बाकी काही नाही. घरात गार वारा यायचा तो एकाच जागेतून, न्हाणीघरातल्या त्या झडपेतून. त्याच दुपारी ती स्टुलावर चढली. जुन्या उशीचे दोन तुकडे करून झडपेत ठासले, वरून चिकटपट्टीचे चार पदर दिले. मुंगी शिरेल एवढी फट ठेवली नाही. खाली उतरून सासूबाईंना म्हणाली, "आई, छकुलीला न्हाऊ घालताना दार घट्ट लावत जा. कडी घाला, नाहीतर ते आपोआप उघडतं. आणि दाराखाली टॉवेल सारा."

"अगं, आंघोळ घालायची की अंडी उबवायची?"

गिझरवाल्याचं बोलणं तिला आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण दहा-पंधरा मिनिटांत काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. हे वाक्य एखाद्या पोराने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं, तर तिने त्यावर लाल रेघ ओढली असती.

आठवड्याभरात सासूबाईंचं डोकं धरायला लागलं. आधी छकुलीची आंघोळ, मग लगोलग त्यांची स्वतःची, अशी त्यांची रीत. बाहेर आल्या की कपाळ दाबत पलंगाच्या कडेला बसायच्या. कधी मळमळ, कधी पायांत गोळे. "वय झालं की यंत्र कुरकुरणारच. निसर्गनियम." तिने तेल पुढे केलं, गोळी दिली, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्या वहीत सासूबाईंसाठी रकाना नव्हता.

छकुली आंघोळीनंतर निपचित झोपायला लागली. दूध तोंडात धरून तशीच. एकदा दूध ओकली. तिला घेऊन आई धावत डॉक्टरांकडे गेली. ते हसले. "आंघोळीनंतर बाळं झोपतातच. निसर्गाचा नियमच आहे तो. तुम्हीही झोपा थोड्या." घरी नवरा म्हणाला, "बघ, आणि आईने काळजी करायची, हाही त्यातलाच पोटनियम." सगळे हसले. तीही हसली. नवरा पहाटे गार पाण्याने उरकून कामावर जाणारा. ती स्वतः संध्याकाळी, बाळाचं रडणं ऐकू यावं म्हणून दार सताड उघडं टाकून, दोन तांबे ओतून घेणारी. त्यांची डोकी शाबूत होती. त्यामुळे दोष वयाचा, यावर घराचं एकमत झालं.

मग एका सोमवारी सकाळीच गिझरचा सिलिंडर संपला. नवा बुधवारी सकाळी आला. मधले दोन दिवस विजेच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवलं. सासूबाई कुरकुरल्या, पण गरम पातेली उचलून न्हाणीघरात नेत राहिल्या.

बुधवारी सव्वादहाला सासूबाई छकुलीला घेऊन आत गेल्या. कडी वाजली. टॉवेल दाराखाली सरकला. पाणी सुरू झालं. ती बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसली, दोन दिवसांच्या नोंदी राहिल्या होत्या. सोमवार: आंघोळीनंतर जागी, पाऊण तास खेळली. मंगळवार: आंघोळीनंतर जागी, मोठ्याने हसली. आत गिझर भकभकत होता. तिने मागची पानं चाळली. झोप, झोप, ओकली, झोप. आणि मग तिला आठवलं, काल सासूबाई आंघोळ करून आल्या त्या थेट शिलाई मशिनवर बसल्या होत्या. गुणगुणत. परवाही.

पेन थांबलं. दोन दिवस सासूबाईंचं डोकं दुखलं नाही. साठीतली बाई दोन दिवसांसाठी तरुण झाली होती का? वय सोमवार-मंगळवार सुट्टीवर गेलं होतं?

जे सुट्टी घेतं तो निसर्गाचा नियम नव्हे. ते दुसरंच काहीतरी होतं, जे गिझर बंद असला की नव्हतं. आणि खरा नियम तिला तोंडपाठ होता. कोंडलेल्या जागेत ज्योतीला हवा पुरत नाही, ती अर्धवट जळते, आणि अर्धवट जळण्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा पटकावतो आणि माणसाला फक्त झोप येते.

आत पाणी वाहत होतं. सासूबाई न्हाऊ घालताना छकुलीशी अखंड बडबडायच्या. आता बडबड ऐकू येत नव्हती.

"आई!" तिने दारावर थाप मारली. "आई, दार उघडा!"

पाणी वाहत होतं.

"आई! अहो आई!"

गॅलरीतला सिलिंडर आधी की दार आधी? पावलांनीच ठरवलं. ती गॅलरीत धावली, रेग्युलेटरची खटकी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बंद झाली. जायची आठ पावलं, यायची आठ पावलं. येता येता तिने मशिनशेजारची सासूबाईंची जुनी लोखंडी इस्त्री उचलली आणि कडीच्या जागेवर हाणली. एकदा. दोनदा. लाकूड चिरलं. तिसऱ्यांदा कडीच उखडून आत पडली.

वाफ तोंडावर आली. सासूबाई स्टुलावर, भिंतीला टेकलेल्या, हनुवटी छातीवर. एक हात टबाच्या काठावरून आत लोंबत होता, आणि त्या हाताच्या कोपराच्या खळगीत छकुलीची मान अडकलेली होती. पाणी कानापर्यंत होतं. नाकापर्यंत नव्हतं. शुद्ध गेली तरी हात सुटला नव्हता.

तिने बाळ उचललं. ओल्या कापडासारखं. गॅलरीत नेऊन आपल्या ओढणीवर ठेवलं. "रड गं. रड ना. रड माझे बाई." पाच महिने ज्या रडण्याच्या धसक्याने तिची झोप उडाली होती, त्याचीच ती भीक मागत होती. छाती हलत होती. आवाज नव्हता. आत सासूबाई होत्या. बाळ उघड्यावर टाकून जायचं? ती गेली. काखेत हात घालून सासूबाईंना ओढत आणताना अर्ध्या वाटेत तिला गॅलरीतून एक कुरकुर ऐकू आली, मांजराच्या पिल्लासारखी, मग टाहो. ती तिथेच जमिनीवर बसली, आणि मग पुन्हा उठून ओढायला लागली.

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं गेली असती तर. वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. छकुली दुसऱ्या दिवशी मूठभर केस ओढण्याइतकी बरी झाली. सासूबाई चौथ्या दिवशी घरी आल्या. पण तीन आठवड्यांनी त्यांना सुईत दोरा ओवेना. एकदा छकुलीची आंघोळ झाली असतानाच विचारलं, "अगं, हिला न्हाऊ कधी घालायचं?" डॉक्टर म्हणतात, या वायूचा परिणाम कधीकधी उशिरा दिसतो, हळूहळू निवळूही शकतो. शकतो. ती हा शब्द धरून बसली आहे.

भेटायला येईल त्याला सासूबाई सांगायच्या, "माझाच वेडेपणा. आतून कडी मीच घातली होती." ती स्वयंपाकघरातून ऐकायची. शेवटी एके दुपारी तिच्याने राहवेना.

"आई, झडप मी बुजवली होती."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"अगं, उशी माझी होती ना. रोज डोक्यावरच तर दिसायची. कोंदल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी सुई उजेडात धरली. दोरा पुन्हा चुकला. "तू शिकलेली. म्हटलं, विचार करूनच केलं असशील."

तिने सुई हातातून घेतली आणि दोरा ओवून दिला. झडप आता उघडी आहे, गिझर काढून न्हाणीघराबाहेर लावला आहे. तरी पाणी सुरू झालं की ती दाराशी उभी राहते आणि काहीतरी विचारत राहते, साबण आहे का, टॉवेल देऊ का. नुसता आवाज यावा म्हणून.

ही गोष्ट सांगू दिली ती तिने एका अटीवर, ऐकणाऱ्याने एक फोन करायचा. तुमचं कोणीतरी असेल, मावशी, काका, शेजारच्या बाई, न्हाणीघरात गॅसचा गिझर आणि थंडीमुळे खिडक्या लावलेल्या. त्यांना आज फोन करा, जवळ असतील तर जाऊनच या. कशा आहात असं विचारू नका, बरी आहे म्हणतील. ती म्हणते, एवढंच विचारा: आंघोळीनंतर डोकं दुखतं का, आणि ज्या दिवशी गिझर लावत नाही, त्या दिवशीही दुखतं का. उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.