डोमाजी व स्थानिक महिला

अमरावतीच्या एका कॉलेजात ‘डिजिटल मानव्यविद्या’ नावाची कार्यशाळा होती. माझी नात दीक्षा मला अकोल्याहून एसटीनं घेऊन गेली. नावावरून वाटलं, काही तरी मोठं असेल. दारात गुलाबाचं फूल, हातात समोसा, गळ्यात दोरीचं ओळखपत्र. त्यावर ‘सहभागी’ एवढंच छापलेलं; नावाची जागा कोरी.

सकाळ भाषणांत गेली. योगेश सर संयोजक. ‘सामान्य माणसाचा इतिहास वेबवर’ हे त्यांनी सात वेळा म्हटलं. समोर तीस संगणक झाकलेलेच होते. आमच्या वेळी मशीनवर धूळ दिसली तरी हेडक्लार्क बोलायचा.

जेवणानंतर पडद्यावर आमचा फोटो आला. दीक्षानं महिनाभर आधी पाठवलेला. १९५८ सालचा, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या वस्तीत विहार बांधत होते तेव्हाचा. मध्ये माझे बाबा, डोमाजी. मागे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या पाच बाया. खाली ओळ : ‘डोमाजी व स्थानिक महिला.’ पाच वाजता हे पान वेबवर पक्कं होणार, मग त्यात बदल नाही.

डावीकडून दुसरी माझी आई. पाचही जणी कधीच गेल्या. त्यांची नावं आता एकट्या मला ठाऊक आहेत, आणि मी शहात्तरची. मी गेले की त्या कायमच्या स्थानिक महिला.

मी उठले. “सर, त्या बायांले नावं हायेत.”

“असणारच आजी,” सर हसले. “पण संदर्भ लागतो. डोमाजींचं नाव विहाराच्या कोनशिलेवर आहे.”

“अन् त्या शिलेखालचे दगड कोनं आनले? याच बायांनी, मोर्णा नदीच्या काठावरून. नावं कोरली तवा त्या घरी भाकरी थापत होत्या. तुमाले संदर्भ कुठून देतील?”

मागच्या पोरी खुदकन हसल्या. सर हसायचे थांबले.

“बरं, मौखिक माहिती म्हणून टाकू. नंतर.”

“नंतर कावून? पाच वाजता तुमी पान बंद करून राहिले ना?”

“टायपिंगला वेळ लागतो आजी. अजून सत्कार व्हायचेत.”

टायपिंगला वेळ! पडद्याला जोडलेल्या संगणकावर बसलेली विद्यार्थिनी रागिणी इंग्रजी अक्षरांतून मराठी शोधत होती, एका बोटानं. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. बटनं कागदानं झाकून आमची परीक्षा व्हायची. साहेबाचं वाक्य संपायच्या आत माझी ओळ कागदावर असे. आणि ही मराठी वाचवणारी मंडळी!

“पोरी, रेमिंग्टन टायपरायटरची बटनं हायेत का यात?”

“हायेत ना आजी. माझ्या मम्मीनं त्याच्यावरच परीक्षा देल्ली.” तिनं दोनदा टकटक केलं आणि खुर्ची सोडली. अख्ख्या दिवसात कामाची तेवढी एकच पोरगी निघाली.

मी चष्मा पुसला. ‘स्थानिक महिला’ खोडलं. डावीकडून : देवकाबाई, माणिकबाई, अनसूयाबाई, पार्बताबाई, तुळसाबाई. अठरा वर्षं मशीनला हात लागला नव्हता. बोटं एकदाही अडली नाहीत.

“आजी, तुमी तर खाली पाह्यतही नाही!” रागिणी म्हणाली.

“खाली पाह्यलं तर साहेब वरडे, माय.”

टाळ्या पडल्या. मौखिक माहितीचा संदर्भ कुणी मागितला नाही. सर मात्र लगबगीनं माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि कुणी तरी फोटो काढला. पाच मिनिटांत तो पडद्यावर झळकला : ‘प्रा. योगेश सर, ज्येष्ठ सहभागी महिलेसह.’

दीक्षा माझी पिशवी घेऊन दारात उभी होती. “आजी, चाल ना. एसटी निघून जाईन.”

“जाऊ दे. दुसरी भेटते.”

मी परत खुर्चीत बसले. ‘ज्येष्ठ सहभागी महिलेसह’ खोडलं आणि लिहिलं : इंदूबाई, माणिकबाईची मुलगी, टायपिस्ट.

सरांचं नाव राहू दिलं. समोसे त्यांनीच आणले होते.