रशियन सॅलडवरचा फेस

टोमॅटोच्या फोडीवर दवासारखा दिसणारा ग्लिसरीनचा थेंब ठेवताना तिचा हात जराही हलला नाही. ते पाहून फोटोग्राफरच मनात चरकला. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि हिचं काम आधीपेक्षा चोख चाललं होतं.

देशोदेशीच्या सॅलडांचं जाडजूड पुस्तक निघणार होतं. त्यातली प्रत्येक बशी कॅमेऱ्यासाठी सजवायची ती. ग्रीक सॅलडमधल्या काकडीला तेलाचं बोट लावून ती चकचकीत करायची. थाई सॅलडची कच्ची पपई किसून बर्फाच्या पाण्यात ठेवायची, म्हणजे कीस ताठ राहतो. लेबनानी सॅलडमधली पार्स्ली चिमट्यानं एकेक पान करून वर आणायची. रशियन सॅलडचा तर सगळा आनंदच. दिव्यांच्या धगीनं मेयोनेज वितळतं, म्हणून उकडलेल्या बटाट्यावर दाढीचा फेस घालायचा. स्टुडिओतला डबा संपला होता, म्हणून सकाळी निघताना तिनं घरच्या आरशाखालचा उचलून पिशवीत टाकला होता.

दुपारी दार ढकलून वन्सं आत आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. दुसऱ्या गावाहून पहिली गाडी पकडून निघालेल्या.

"फोन का उचलत नाहीस गं? जीव टांगणीला लागला माझा!"

"कामात होते."

"काम!" वन्संनी टेबलावरून नजर फिरवली. "माझा भाऊ गेला, आणि तू काकडीला तेल चोपडत बसलीयस?"

"काकडीचं झालं, वन्सं. आता बटाटा चाललाय."

त्यात उर्मटपणा नव्हता. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं, इतकंच.  पण वन्सं मटकन स्टुलावर बसल्या. पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि चिडल्या की त्यांना दुप्पट भूक लागते हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. ती कॅमेऱ्यात डोकावायला वळली, तेवढ्यात त्यांनी समोरची बशी ओढली आणि चमचाभर तोंडात घातलं.

"अहो, खाऊ नका!" फोटोग्राफर ओरडला.

वन्संनी घास रुमालात थुंकला. चूळ भरायला उठल्या आणि मधेच थबकल्या. रुमाल हळूच नाकाशी नेला.

"हा वास... हा त्याचा वास आहे."

"हो. घरचाच डबा आहे. इथला संपला होता."

वन्सं भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडू लागल्या. फोटोग्राफरनं दिवे बंद केले आणि तो बाहेर सटकला. ती मात्र बशीतल्या खड्ड्याकडे बघत होती. फेस बसत चालला होता. नवा घालावा लागणार, वाटाणे पुन्हा मांडावे लागणार.

"तुला काहीच होत नाही का गं?" रडं ओसरल्यावर वन्संनी विचारलं.

तिनं खरोखरच स्वतःला चाचपून पाहिलं. "नाही. लोक भेटायला येतात, रडतात. मी चहा टाकते. चहा चांगला होतो."

 वन्संनी हाताच्या पाठीनं डोळे पुसून स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"सरक. वाटाणे मी लावते. कसले हवेत?"

"सुरकुती नसलेले."

वन्संनी लावलेले वाटाणे जरा वाकडेच बसले. एरवी तिनं ते काढून टाकले असते. आज राहू दिले. फोटोग्राफरनं परत येऊन तसाच फोटो काढला.

संध्याकाळी दोघी बसनं घरी निघाल्या. वन्संना बसल्या बसल्या झोप लागली आणि त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. दोन थांब्यांनंतर तिच्या हाताला मुंग्या आल्या. तिनं हात हलवला नाही. बाहेर दुकानं उघडी होती, लोक भाज्या निवडत होते. ती बघत होती. उतरायची वेळ झाल्यावर तिनं वन्संना हाक मारली, तेव्हा पहिल्यांदा आवाज फुटेचना. तिनं घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारली.