पाट्यांचा निळा रंग

आर्ची पर्डी इंजिनाच्या तोंडाशी चढला, नंबराच्या पाटीवर बोट घासलं आणि ते नाकाशी नेलं. ताज्या रंगाचा वास नव्हता. रॉकेलचा होता, पण त्या लोकोशेडमध्ये चहालाही रॉकेलचाच वास यायचा. काल काळी असलेली पाटी आज निळीशार होती. आठवड्यातली ही तिसरी.

स्कॉटलंडच्या इंजिनांना निळ्या पाट्या, ही इथल्या माणसांची जुनी मिजास. आता वरून हुकूम आला होता, सगळ्या काळ्या करा. फोरमन म्हणून आर्चीनं त्या घाईघाईनं करवून घेतल्या. शुक्रवारी तपासणी, आणि कुणीतरी त्या पुन्हा निळ्या करत होतं. कुणीतरी कसलं! रंगारी डूगल मॅक्फीच. पेन्शनीला दीड महिना उरलेला, आणि 'काळी पाटी शवपेटीला शोभते' असं सगळ्यांदेखत म्हणालेला. आर्ची रोज त्याच्या नखांकडे बघायचा. नखं स्वच्छ. चाळीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ कशी?

आर्चीला या शेडमध्ये नोकरीला चिकटवलं होतं डूगलनंच. पण साहेबापुढे स्वतःची मान कोण अडकवून घेणार? बुधवारी सकाळी त्यानं साहेबाला लिहिलेल्या चिठ्ठीत मॅक्फीचं नाव घातलं आणि ती सातच्या गाडीच्या गार्डाकडे दिली. अशा चिठ्ठीनं पेन्शन जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

परतताना त्याला शेडमधली सफाईवाली नेटी शिडीवर चढून इंजिन पुसताना दिसली. तपासणी होईपर्यंत रोज रॉकेलनं घासा, हा त्याचाच हुकूम. तिनं बोळा पाटीवरून फिरवला. बोळा काळा झाला आणि खालून निळा रंग वर आला.

आर्चीनं बोळा तिच्याकडून ओढून घेतला आणि शेजारच्या इंजिनाची पाटी स्वतः घासली. तीही निळी. खरवडत बसू नकोस, वरून काळ्या रंगाचा एक हात मार, असं डूगलला बजावणाराही तोच.

मागे डूगल चहाचा मग घेऊन उभा होता.

"तुला ठाऊक होतं?" आर्चीनं विचारलं.

"सोमवारपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रोज माझी नखं बघायचास. म्हटलं, आज विचारेल, उद्या विचारेल."

पुलापलीकडे सातच्या गाडीची शिटी झाली. आर्चीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय रे, बरं नाही वाटत?" डूगलनं चहाचा मग त्याच्यापुढे धरला. "घे, दोन घोट घे."