नापास कोण झालं

डॉक्टरांनी ते वाक्य सासूबाईंना उद्देशून म्हटलंच नव्हतं. पडद्यावर स्कॅन उघडून ते हाताखालच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "पहिल्या केमोला पेशंट फेल झाल्यात." मग खुर्ची वळवून या दोघी सासूसुनांना तेच जरा गोड करून सांगायला लागले. स्वादुपिंडातली गाठ ऑपरेशनआधी लहान व्हायला हवी होती, रक्तवाहिनीपासून सुटायला हवी होती. ती उलट तसूभर वाढलीय. पुन्हा सुई घालून तिचा तुकडा घेऊ, तिच्या जनुकांची तपासणी करू, मग पुढचं ठरवू. सुनेनं मान डोलावली. सासूबाईंना मात्र यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांच्या कानांनी टिपायचं ते आधीच टिपलं होतं.

सासूबाईंचं ड्रायव्हिंग स्कूल. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवलेली, आणि कुणी परीक्षेत आपटलं की त्यांचं ठरलेलं, "गाडीला दोष देऊ नका. सराव कमी पडला." इतक्या जणांना ऐकवलेलं ते वाक्य आता त्यांनी स्वतःलाच लावून घेतलं.

घरी आल्यावर सराव सुरू झाला. घशाखाली उतरत नसताना दोन घास जास्त. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना गॅलरीत फेऱ्या. मळमळीच्या गोळीला त्या कुबडी म्हणायच्या. उलटी आली की बाथरूमचा नळ मोठा सोडायच्या, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पण सून होती झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी बाई. तिच्या कानातून तो नळ सुटतोय होय? ती दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची आणि सासूबाई बाहेर यायच्या आत तिथून निघून जायची. बोलायचं कुणीच नाही.

बोलायला नवरा होता. "आईनं थोडं मनावर घ्यायला हवं होतं," तो जेवताना म्हणाला. "केमोला शेजारच्या खुर्चीत असायचे ते काका बघ. तेच औषध, गाठ निम्मी झाली. माणूस कायम हसतमुख."

"मग आईंनी काय गाठीला विनोद सांगायचे होते?"

"तू प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतेस."

"आणि तू तुझ्या आईला मार्क देतोस."

तो ताट घेऊन उठला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आतल्या खोलीत लेक झोपली होती. तिनं भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली, एवढंच.

तपासणीचा निकाल आला. डॉक्टरांचा निरोप होता, दुसरी केमो देऊन बघू, मग ऑपरेशन. सासूबाईंनी साफ नकार दिला.

"नको. परत परत परीक्षेला बसणारे मी पाहिलेत. स्टेअरिंगवर हात ठेवायच्या आधीच घाम फुटलेला असतो. बघवत नाही. सांग त्यांना, झाली तेवढी शोभा पुरे."

"नको तर नको. पण तुम्ही ते त्यांच्या तोंडावर सांगायचं. मी तुमचा पोस्टमन नाही."

"जीभ फार चालते तुझी."

"तुमच्याच घरात धार लागली तिला."

डॉक्टरांच्या खोलीत टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. सासूबाई बसल्या, सून उभी राहिली. डॉक्टरांनी घसा साफ केला. "असं बघा, पहिल्या औषधाला फेल झालेल्या पेशंटमध्ये..."

"कोण फेल झालं?"

सुनेचा आवाज चढला नव्हता, तरी डॉक्टर थांबले.

"औषध तुम्ही निवडलंत. ते गाठीवर चाललं नाही. यांनी काय केलं? हात पुढे केला, सुया टोचून घेतल्या. केस गेले, तोंडाची चव गेली. यात परीक्षा कुणाची होती?"

"ती आमची बोलायची पद्धत आहे, मॅडम. सगळीकडेच..."

"असेल सगळीकडे. आमच्या घरात त्या पद्धतीपायी नळ सोडून उलट्या काढल्या जातात."

सासूबाईंनी झटकन मान वर केली. सुनेला माहीत होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाठीच्या पेशींत एक जनुक बिघडलेलं आहे. पेशीतल्या डीएनएच्या धाग्याला चीर पडली की ती सांधायचं काम त्याचं. नवं औषध तो धागाच तोडतं. ज्या गाठीला सांधता येत नाही, ती त्यानं मरायची शक्यता जास्त. खात्री देत नाही."

"आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांची गाठ?" सुनेनं विचारलं.

"रोगाचं नाव एक. आतून गाठ वेगळी."

"माझं खाणं, चालणं?" सासूबाईंनी विचारलं. "हिंमत?"

"त्यानं ऑपरेशन सोसायची ताकद राहते. तेवढं हवंच. पण गाठीनं औषधाला दाद द्यायची की नाही, ते त्यावर ठरत नाही."

"मग हे आधी का नाही तपासलं?" सून म्हणाली.

"पहिल्या वेळी तुकडा फार लहान आला होता. पुन्हा काढायचा तर थांबावं लागलं असतं. आम्ही थांबलो नाही."

"आम्हाला विचारलंत?"

"नाही."

डॉक्टर खोटं बोलले असते तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. वर ते म्हणाले, हा बिघाड पिढीजात आहे का तेही यांच्या रक्तातून बघू, तसं असलं तर मुलाचंही रक्त लागेल. सुनेला लेकीची आठवण झाली आणि तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

सासूबाईंचा चेहरा लाल होत गेला, कानापर्यंत.

"स्वतःला किती शिव्या घातल्या हो मी. शिकायला आलेल्या ठोंब्यांनाही कधी घातल्या नाहीत अशा. आणि तुम्ही आता सांगताय, त्याचा काही संबंध नव्हता?"

"चूक झाली आमची."

"द्या ते दुसरं औषध. नाहीच चाललं, तर काय लिहाल?"

"औषध लागू पडलं नाही, असं."

"मी वाचणार आहे."

नव्या औषधाची बाटली टांगून झाली आणि नवऱ्याचा फोन आला. सासूबाईंनी तो मोकळ्या हातानं कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. "आई, या वेळी मात्र जिद्द सोडू नकोस हं," हे सुनेलाही ऐकू आलं.

सासूबाईंनी फोन तिच्यापुढे धरला.

"घे. माझ्यात आज ताकद नाही. चांगला झाड त्याला."

ती फोन घेऊन दाराबाहेर गेली आणि दार ओढून घेऊ लागली. खुर्चीतून सासूबाईंनी मानेनंच नको म्हटलं. त्यांना सगळं ऐकायचं होतं.