ट्रंकला एकच हात

संघप्रियाचं डोकं फिरलं की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, आणि त्या दिवशी ते जाम फिरलं होतं. जोतीरामनं आठवड्यात दुसऱ्यांदा ट्रंक मोडली होती.

ट्रंक म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरची मूळ प्रत. साल २००६. साच्यात वितळलेलं लोखंड किती ओतायचं, ते सांगणारं सॉफ्टवेअर तिघं मिळून लिहीत होती आणि कोडसकट जगाला फुकट देत होती. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीमालकाचा मुलगा सोमशेखर, त्याचा कॉलेजातला दोस्त जोतीराम आणि ही. हिचा बाप आकाराम त्याच फाउंड्रीत भट्टीवर. थंड होताना लोखंड किती आकसणार, ते त्याला नुसत्या रंगावरून कळायचं. पोरीनं ते त्याला खोदून खोदून विचारलं आणि गणितात बसवलं.

"आता नियमच करूया," सोमशेखर म्हणाला. "ट्रंकला हात फक्त माझा. तुमी आपापली ब्रँच करा, म्हंजे वेगळी नक्कल. तिथं काय मोडायचं ते मोडा. मला पटलं की मी ट्रंकमध्ये घेणार."

"आणि जो आत घेतोय त्याचंच नाव लागतंय की सगळ्या ओळींना!" जोतीराम भडकला.

"तुला नावाची पडलीया? आदी नीट लिव की लेका!" संघप्रियानं नियमाच्या बाजूनं पहिला हात वर केला. वर मेलही ठोकला, 'ट्रंकला एकच हात असावा. नावाचं काय घेऊन बसलाय, काम दिसतंय की.' काय म्हणावं या पोरीला!

जोतीराम महिन्यात सोडून गेला. ही मात्र घरी कॉम्प्युटर नसल्यानं दोन वर्षं नेटकॅफेत बसून आपल्या ब्रँचमध्ये राबली, आणि तिचं काम सोमशेखर ट्रंकमध्ये घेत गेला.

मग पुण्याला नोकरीची मुलाखत झाली. साहेबानं तिच्यासमोरच ट्रंकचा इतिहास उघडला. ओळ न् ओळ सोमशेखरच्या नावावर. ती म्हणाली, माझं ब्रँचमध्ये आहे. ब्रँच शोधली, तर तिचा पत्ताच नाही. "काम तुमचं आहे, असं शुक्रवारपर्यंत प्रोजेक्टचं पत्र आणा," साहेब म्हणाला, "नाहीतर राहू द्या."

ती थेट शिरोलीला आली.

"सर्व्हर बदलला," सोमशेखर म्हणाला. "ट्रंक तेवढी नेली. जुनं मशीन पुसून टाकलं."

"मग लिवून दे. गणित माझं हाय, एवढंच."

त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिचाच मेल. "नियम तुलाच पायजे होता की. टेस्टिंगला मदत केली, असं देतो लिवून."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. "चोर हाईस तू! सगळ्यांना सांगणार मी."

"सांग की." त्यानं दाराकडं तोंड करून हाक मारली, "आकाराम! चहा आण रं."

भट्टीवरच्या माणसाला चहा कुणी सांगतं का? पण त्या मेल्यानं सांगितला. आकाराम काळ्या हातांनी ट्रे घेऊन आला. पोरीला बघून त्याचं तोंड फुललं.

"रिटायर व्हायला किती राहिलं रं तुझं?" सोमशेखरनं विचारलं.

"दोन वर्सं, मालक." मग तो पोरीकडं वळला. "व्हय गं, तुजं नाव हाय न्हवं त्यात? अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलंय मी."

सोमशेखर तिच्याकडं बघत राहिला. रागानं आणि लाजेनं तिला रडू फुटायला आलं, ते तिनं गिळलं.

"हाय की, आबा," ती म्हणाली. "पयलंच नाव हाय."

आकाराम खूश होऊन हसला आणि मालकाला चहा दिला.