पाव फेरा

रिस्टेननं पान्याच्या दांड्यावर लाकडी हातोड्याचा आणखी एक ठोका घातला, तेव्हा कुठे इंजिनाच्या तळाचा बोल्ट हलला. आणि हलला तो असा, की पुढे त्याला पान्याची गरजच उरली नाही. दोन बोटांनी गरागरा फिरत बाहेर आला. काळं तेल डब्यात धो धो पडलं. तिनं बोल्ट उजेडात धरून पाहिला. त्याच्या आट्यांत चंदेरी किस अडकला होता. बोल्ट पोलादाचा, किस ॲल्युमिनियमचा. म्हणजे बोल्टानं येताना इंजिनाचे आटेच सोलून आणले होते.

तेल निथळल्यावर तिनं बोल्ट परत लावून पाहिला. तो फिरला, फिरतच राहिला, पण कुठे धरेना.

"मेले," ती बर्फावर धावणाऱ्या आपल्या स्नोमोबाइलच्या खालूनच म्हणाली.

मेल्यासारखंच होतं ते. रिस्टेन समुद्रकाठची, कोळ्याची लेक. ह्या रेनडिअरवाल्यांच्या घरात लग्न करून आली, त्याला सहा वर्षं झाली. दर वसंतात कळप डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे निघायचा, घरचे सगळे त्याच्यामागे जायचे, आणि ही मात्र भांडीकुंडी, गाद्या नि पिशव्या भरलेला टेंपो घेऊन हमरस्त्यानं वळसा घालून यायची. 'चल' असं ह्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे. पण ह्या हिवाळ्यात सासरा, इस्सात, चामड्याचा पट्टा शिवता शिवता मान वर न करता म्हणाला होता, "वसंतात तुझी गाडी ठीकठाक असू दे." बस, एवढंच. म्हणजे ह्या वर्षी तीही कळपामागे! त्या एवढ्याशा वाक्यावर बाई महिनाभर तरंगत होती. आणि आता गाडीच आडवी!

तेवढ्यात नवरा कळपाकडून आला. आयलूनं आपली गाडी दारात थांबवली आणि टोपी काढायच्या आधीच बातमी दिली.

"गाभण माद्या उत्तरेला तोंड करून उभ्या आहेत. आज संध्याकाळी बर्फावरची साय गोठून घट्ट झाली, की निघतात बघ. त्या काही आपल्याला विचारायच्या नाहीत." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

तिनं बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला. आयलूनं तो पाहिला, मग छताकडे पाहिलं, मग पुन्हा बोल्ट पाहिला.

"मीच जास्त आवळला असणार," ती म्हणाली. "शरदात तेल मीच बदललं होतं. माझ्या बाबांनी बोटीवर शंभरदा सांगितलं होतं, मनगट म्हणेल तिथं थांब. आणि मी अशी गाढव!"

आयलू काहीतरी बोलायला गेला आणि बोल्ट बोटांत फिरवत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "दुकान?"

"ईस्टरला कोण उघडं ठेवतंय दुकान?"

आवाज ऐकून म्हातारा इस्सात शेडमध्ये आला. त्यानंही बोल्ट निरखला.

"आमच्या जुन्या गाडीला हा बोल्टच नव्हता," तो म्हणाला. "तेल प्यायची, धूर सोडायची. विषय संपला."

"बाबा, आत्ता हे नको," आयलू म्हणाला.

पण इस्सात गेला नाही. भिंतीशी जाऊन त्यानं एक गंजका पत्र्याचा डबा काढला आणि रिस्टेनपुढे ठेवला. डब्यात आटे पाडायचे टॅप होते. रिस्टेननं एक एक उचलून पाहिला. हवा त्याहून एक नंबर मोठा टॅप मिळाला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुने आटे गेले तर गेले! भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, जाडा बोल्ट बसवायचा. बोटीच्या इंजिनावर तिच्या बाबांनी हेच केलं होतं.

जाडा बोल्ट मोडक्या ट्रॉलीच्या आकड्यातून निघाला. राहिला वायसर. तो तांब्याचाच हवा, नाहीतर तेल झिरपणार. घरभर शोध झाला. शेवटी सासू, गारेन, आपली फुटकी तांब्याची किटली घेऊनच आली.

"आई, किटली कशाला?"

"चार वर्षं गळतेय. फेकवत नव्हती. आता गळती थांबवायच्या कामी येऊ दे," असं म्हणून गारेननं पत्र्याची कात्री किटलीच्या बुडाला लावली.

त्या बुडातून अंगठीच्या थोरल्या बहिणीएवढी चकती निघाली. रिस्टेननं ती चुलीत लालबुंद करून पाण्यात टाकली, म्हणजे मऊ पडते. मग पुन्हा गाडीखाली शिरली. भोक मोठं केलं. टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे किस इंजिनात न पडता ग्रीसला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. पुन्हा अर्धा पुढे. आयलू दिवा धरून होता. टॅप बाहेर काढून तिनं भोकात बोट फिरवलं. नवे आटे बोटाला खरखरीत, धारदार लागले, आणि तिला इतका आनंद झाला, की ती एकटीच खालच्या खाली हसली. थोडं तेल ओतून आत राहिलेला किस धुऊन काढला. मग बोल्ट. मनगट म्हणालं, थांब. ती थांबली. तेल भरलं, इंजिन चालवलं, खाली कागद पसरला. कागद कोरडा!

"झालं!" ती ओरडली. आयलूनं तिला ग्रीससकट उचललं.

हात धुवायला ती घरात गेली. साबणानं कोपरापर्यंत घासून परत शेडमध्ये आली, तर गाडीखालून दोन म्हातारे बूट बाहेर आलेले. आणि पान्याचा हलकासा आवाज.

"थांबा!"

बूट दचकले. इस्सात सरपटत बाहेर आला. टोपीला तेल, हातात पाना.

"बघत होतो फक्त," तो म्हणाला.

"पान्यानं?"

"पाव फेरा. जास्त नाही."

रिस्टेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "शरदातही तुम्हीच?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "पाव फेराच."

"हं, पाव म्हणे!" दारातून गारेन बोलली. "तुमच्यानंतर मी गेले होते. मला तो ढिला वाटला."

रिस्टेननं आयलूकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"मला काय ठाऊक ह्या दोघांचं? मी आपला एकदाच... लांब दांड्याचा पाना होता."

अति तिथं माती म्हणतात, इथं तर घरच्या तिघांनी मिळून माती केली होती. पण रिस्टेनला हसू येईना.

"एवढाही भरवसा नाही माझ्या हातावर? सहा वर्षं झाली."

"हातावर आहे गं, पोरी," गारेन म्हणाली. "थंडीवर नाही. हिवाळाभर लाकडांसाठी तू एकटी त्या डोंगरावर जायचीस. वाटेत तेल गळून गाडी बंद पडली असती तर? मला झोप येत नव्हती, म्हणून गेले."

"मलाही," इस्सात पान्याकडे बघत म्हणाला.

रिस्टेन दोघांकडे बघत राहिली. सहा वर्षं ती ह्या घरात पाहुण्यासारखं पाऊल जपून टाकत होती, आणि ही माणसं तिच्यासाठी रात्री उठून, एकमेकांना चोरून, गाडीखाली सरपटत होती. हसू आलं ते असं, की तिला ओंडक्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसून तिनं इस्सातच्या हातातला पाना काढून घेतला, आयलूच्या खिशातला काढून घेतला, आणि सासूपुढे हात पसरला. गारेननंही मुकाट्यानं एप्रनमधून एक काढून दिला.

संध्याकाळी साय घट्ट झाली आणि माद्या निघाल्या. रिस्टेन कळपाच्या डाव्या अंगानं चालली होती, खालून इंजिन एकसुरात गुरगुरत होतं, आणि भांड्याकुंड्यांचा टेंपो ह्या वेळी आयलूचा एक भाचा हमरस्त्यानं चालवत घेऊन गेला होता.

सकाळी उन्हानं बर्फ मऊ पडायला लागला, तेव्हा कळप थांबला. गारेननं जाळ करून कॉफी ठेवली. पुढे नदीचा खडा उतार होता. इस्सातच्या गाडीमागं ओढल्या जाणाऱ्या स्लेजवर तंबू, खांब, सगळं जड सामान लादलेलं. रिस्टेनची नजर सारखी त्या ओझ्याकडे जात होती. म्हातारा उतारावर गाडी हाकतो ती पोरासोरांसारखी. शेवटी तिला राहवेना.

"पाय मोकळे करून येते," ती म्हणाली.

स्लेजची दोरी चांगली ताणलेली होती. तरी तिनं इकडेतिकडे पाहिलं, बूट टेकवला आणि एकदा कचकन ओढून गाठ पक्की केली. मग काहीच न झाल्यासारखी येऊन जाळाशी बसली.

गारेननं तिच्या कपात कॉफी ओतली. वर पाहिलं नाही.

"घट्ट होती ना?"

"काय?"

"दोरी. आधी आयलू जाऊन आला, मग मी. तू तिसरी."

आयलू कॉफीत फुसकन हसला. रिस्टेनचे कान तापले. पलीकडे इस्सातनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती, आणि टोपीखाली त्याच्या मिशा हलत होत्या.

"ती दोरी उतारावर तुटली," तो म्हणाला, "तर ओझं तिघांनी मिळून पाठीवर घ्यायचं. मी येतो मागून, रमतगमत."