बोटावरचा घट्टा

इंजिन आधी खाली आलं. विमान त्याच्या मागून.

मास्तरांच्या बायकोनं मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकली होती. इंजिन पडलं ते तिच्या उजव्या पायापासून जेमतेम दोन वितींवर. पंख्यासकट, चारही स्क्रूंसकट, आणि ज्या फळीवर ते बसवलेलं असतं त्या फळीसकट. गवतात रुतून ते दोनदा थरथरलं, चर्र झालं आणि धूर सोडत गप्प पडलं. तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत त्याच्यापाशीच गेला. तिनं तो उचलला नाही.

मास्तर अजून वरच बघत होते. इंजिन गेल्यावर विमानाचं नाक हलकं झालं, ते शेपटीवर बसल्यासारखं झालं आणि गिरक्या घेत पलीकडच्या झुडपांत कोसळलं. ते पडून गेलं तरी मास्तर हातातल्या रिमोटच्या दांड्या दोन्ही अंगठ्यांनी इकडेतिकडे सरकवत होते, जणू झुडपांतून ते अजून वर येणार होतं.

अर्ध्या मिनिटापूर्वी बायकोनं त्यांना हाक मारली होती. "अहो, आवाज बदललाय त्याचा! किंचाळतंय ते!"

"ओरडतेस कशाला? दहा पावलांवर तर उभा आहे."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. गेली दोन वर्षं बायकोचा आवाज चढला होता आणि वयानुसार तिचा स्वभाव तापट झाला, असा मास्तरांनी स्वतःपुरता निष्कर्ष काढला होता. बायको तापट झाली की शहाण्या माणसानं काय करावं? कमी बोलावं. ते कमी बोलायचे.

आता ते धावत आले. धावत म्हणजे साठीच्या माणसाला जेवढं येतं तेवढं. "लागलं का? कुठं लागलं?"

तिनं मान हलवली. बोट मात्र गवताकडे केलं. मास्तरांनी रुमालात धरून इंजिन उचललं, उलटं केलं आणि डोळ्यांजवळ धरलं. फळी तुटलेली नव्हती. ती नुसती निघून आली होती. तिच्या कडा करवतीखालून आत्ताच निघाल्यासारख्या पांढऱ्या, कोऱ्या होत्या. डावीकडच्या खालच्या एका कोपऱ्यात नखाएवढा ग्लू होता. बाकी तिन्ही बाजूंना काही नाही!

"कुणी केलं हे?" मास्तर म्हणाले. "कुणाच्या हातचं आहे हे?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. रिमोटवर उडणारी लाकडी विमानं बनवणाऱ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते, आणि सगळे त्यांना टकटकमास्तर म्हणत. विमानाच्या नाकाशी जी प्लायवूडची फळी बसते, जिच्यावर इंजिनाचा सगळा भार आणि सगळी थरथर येते, तिला कारखान्यात छाती म्हणायचे. पोटात तेलाची टाकी सरकवून झाली की सगळ्यांत शेवटी छाती चिकटवायची, ग्लू वाळला की विमान मास्तरांच्या टेबलावर. मास्तर मधलं बोट दुमडून छातीवर चार ठिकाणी वाजवायचे. चिकटलेली छाती 'टण' म्हणायची, न चिकटलेली 'थप'. टण आला की आत '४' हा आकडा असलेला मास्तरांचा गोल शिक्का. थप आला की विमान परत. "लाकूड खोटं बोलत नाही," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि नंतरही अधूनमधून, त्यानं विचारलेलं नसताना. त्यांच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर वाटाण्याएवढा घट्टा होता. लोक पदक दाखवतात तसा ते तो पाहुण्यांना दाखवत.

इतकी वर्षं विमानांत घालवून त्यांनी स्वतः एकही उडवलं नव्हतं. निवृत्तीनंतर दोन महिने ते बॅटरीवरच्या एका छोट्या, मुक्या विमानावर हात बसवत होते. आज हे मोठं विमान पहिल्यांदा वर गेलं होतं. इंजिनात तेल किती सोडायचं याचा स्क्रू त्यांनी सकाळी स्वतः फिरवला होता, कानानं अंदाज घेत घेत. तेल कमी पडलं की इंजिन आधी किंचाळतं, मग तापतं, मग थाडथाड हादरतं, हे त्यांना पाठ होतं. छाती धड असती तर इंजिन फार तर बंद पडलं असतं.

"मी सोडून जेमतेम दोन महिने झाले, तर ही दशा!" झुडपांतून धड ओढून काढताना ते पुटपुटत होते. "उद्या जातो आणि एकेकाला उभा करतो. माणसाचा जीव गेला असता इथं."

मग त्यांनी धड उजेडाकडे धरून आत डोकावलं.

आत गोल शिक्का होता. चारचा.

मास्तरांनी तो अंगठ्यानं पुसून पाहिला. आपण काय बघतोय ते त्यांना कळत होतं आणि पटत नव्हतं. रागाच्या भरात ते विसरलेच होते, हे निरोपाचं विमान होतं. चहाच्या कार्यक्रमात भाषणं झाल्यावर मॅनेजर म्हणाले होते, "मास्तर, रांगेतलं हवं ते घ्या." मास्तरांनी डावीकडून तिसरं उचललं होतं, सगळ्यांदेखत चार ठिकाणी वाजवलं होतं, "ही घ्या शेवटची टणटण" म्हणून शिक्का मारला होता. टाळ्या पडल्या होत्या.

दोघं घरी आले. चहा झाला. निघून आलेली फळी मास्तरांनी टेबलावर ठेवली होती आणि ते तिच्याकडे टक लावून बसले होते.

"एक सांग," ते म्हणाले. "आवाज बदलला हे तुला कसं कळलं? तुला काय कळतं इंजिनातलं?"

"त्यात कळायचंय काय! केवढ्यानं किंचाळत होतं ते. बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं की—"

आणि ती थांबली. तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पटकन कपबश्या गोळा केल्या, नुकतीच पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली. तेवढ्या वेळात मास्तरांच्या डोक्यात एकेक गोष्ट सरकत जागेवर बसली. दाराची बेल बिघडली म्हणून त्यांनी बदलून घेतली होती, दोनदा. टीव्हीवरचे लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात अशी त्यांची तक्रार होती. आणि ही, आयुष्यभर मऊ बोलणारी बाई, दोन वर्षं ओरडत होती.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तीनदा. तुम्ही म्हणालात, ओरडू नकोस."

रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी पिशवीत इंजिन आणि फळी घालून ते कारखान्यात गेले. फाटकावरच्या वॉचमननं हसून काहीतरी म्हटलं. मास्तरांनीही हसून मान हलवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, तो काय म्हणाला ते त्यांना कळलंच नव्हतं. असं किती जणांकडे बघून आपण हसलो असू, या विचारानं त्यांचे कान तापले.

त्यांची खुर्ची रिकामी होती. नवा तपासनीस यायचा होता. शेजारच्या ग्लूच्या टेबलाशी नेहमीप्रमाणे डिंकताई बसली होती. एकोणीस वर्षं ती फळ्या चिकटवत होती, म्हणून डिंकताई. तिची पाठ मास्तरांकडे होती. एका हातानं विमान धरून दुसऱ्या हातानं ती छाती वाजवत होती. बोट दुमडून, चार ठिकाणी, अगदी त्यांच्यासारखं.

त्यात गैर काही नव्हतं. तपासनीस नाही म्हटल्यावर कुणीतरी वाजवणारच. मास्तर पुढे झाले, "ताई" म्हणणार, तेवढ्यात तिनं बोट सरळ केलं. मधल्या बोटाच्या सांध्यावर घट्टा होता.

तसा घट्टा दोन महिन्यांत पडत नाही. त्यांना स्वतःला तो पडायला पुरतं दीड वर्ष लागलं होतं.

"अगंबाई, मास्तर!" डिंकताई उठली. "बसा ना. वहिनी कशा आहेत? विमान शोकेसमध्ये ठेवलंत ना?"

मास्तरांनी तिच्या ओठांकडे बघून शब्द वेचले. मग पिशवीतून फळी काढून तिच्यासमोर ठेवली. ती कोरी कड बघून डिंकताईचा चेहरा उतरला. तिनं फळी उचलली, उलटी केली, कोपऱ्यातल्या नखाएवढ्या ग्लूवर बोट ठेवलं.

"इंजिन निघून आलं वरून," मास्तर म्हणाले. "हिच्या पायाशी पडलं. दोन विती."

"वहिनींना लागलं?"

"नाही."

डिंकताई खाली बसली. "ही माझीच," ती म्हणाली. "ही मीच चिकटवत होते त्या दिवशी. तुमचा शेवटचा दिवस, मला सकाळपासून काही सुचत नव्हतं. एका कोपऱ्याला लावला आणि भाषणाला बोलावलं, म्हणून तशीच उठले. परत आले तर रांग पुढे गेलेली. मला वाटलं, ही झाली."

"ते होतं. माणूस आहे, चुकणारच. म्हणून तर मला बसवलं होतं ना इथं?" मास्तरांचा आवाज चढला. कारखान्यातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. "बोट दाखव."

"मास्तर, जाऊ द्या ना."

"दाखव म्हणतो ना."

तिनं हात पुढे केला. मास्तरांनी आपला हात त्याच्याशेजारी ठेवला. त्यांचा घट्टा वाटाण्याएवढा, तिचा त्याहून थोडा लहान.

"कधीपासून?"

डिंकताईनं खाली बघून काहीतरी सांगितलं.

"वर बघून बोल. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. डिंकताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्ही शिक्का मारून ठेवायचात, मी खोक्याकडे नेताना पुन्हा वाजवायचे. कुणाला नाही सांगितलं. मॅनेजरलासुद्धा नाही."

"किती निघाली अशी?"

"थोडीच."

"ताई."

"आठवड्याला एखादं. कधी दोन. मी चिकटवून टाकायचे गुपचूप." ती घाईघाईनं बोलू लागली. "बाहेर एकही नाही गेलं, मास्तर, शपथेवर सांगते. फक्त तुमचंच राहिलं. तुम्ही सगळ्यांदेखत वाजवलंत, टाळ्या पडल्या. मला इथून थप ऐकू आला. पण सगळ्यांसमोर उठून परत कशी वाजवणार होते मी? म्हटलं, नंतर बघू. तर लगेच खोक्यात घालून पट्ट्या मारल्या. मग म्हटलं, तुम्ही काही उडवत नाही, शोकेसमध्येच राहील."

"मला का नाही सांगितलंस? मी नेहमी म्हणायचो ना, लाकूड खोटं बोलत नाही."

"लाकूड खरंच बोलत होतं, मास्तर. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतात का कामाला?"

मास्तरांनी विचार केला. "नसतो आलो."

"मग?"

त्यांना राग आला होता, लाज वाटत होती, आणि या बाईनं आपल्या मागे दोन वर्षं आपलं नाव सांभाळलं हेही कळत होतं. त्यांनी खिशात हात घातला. चारचा शिक्का त्यांना आठवण म्हणून मिळाला होता आणि तो ते उगीचच बरोबर घेऊन फिरायचे. तो त्यांनी ग्लूच्या डब्याशेजारी ठेवला.

"नव्या माणसाला वाजवायला तू शिकव," ते म्हणाले. "आणि तुझं बोट जरा जास्त दुमडतंय. हलकं सोड. सांधा दुखेल पुढे."

भर दुपारी ते घरी पोचले. बेल त्यांनी दोनदा दाबली. ती वाजली असावी, कारण दार उघडलं. कालपासून बायको अगदी हळू बोलत होती, चुकून पुन्हा 'बहिरा' असं काही निसटलं तर काय या धाकानं. आत्ताही तिचे ओठ हलले.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

ती गडबडली. पुन्हा हळूच काहीतरी म्हणाली.

मास्तर उंबऱ्याशीच उभे राहिले. पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ओरड," ते म्हणाले. "नेहमीसारखी ओरड ना."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग जिन्यावरचं शेजारचं दार उघडेल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "जेवलात का?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि चपला काढून आत आले.